मदत हवी आहे : एपीओई जीनच्या चाचणीत ८३चा पट्टा खरा की अर्धवट कापणीचा?

नमस्कार मंडळी. खानापूर-निपाणी भागातल्या ज्येष्ठांचे नमुने बेळगावात तपासतोय. जीन एपीओई, मेंदूत कोलेस्टेरॉल चेतापेशींपर्यंत पोचवणाऱ्या प्रथिनाचा. पीसीआरने २४४ बेसजोड्यांचा तुकडा वाढवून एचएचए-वन एन्झाइमने कापतो, मग तुकडे लांबीनुसार वेगळे करायला ८ टक्के पॉलिअॅक्रिलमाइड जेलवर चालवतो.

काही नमुन्यांत ९१, ७२, ४८ बेसजोड्यांचे पट्टे ठळक येतात आणि ८३ फिकट. इथेच घोळ आहे. ई२, ई३, ई४ हे या जीनचे प्रकार, प्रत्येक माणसात आईवडिलांकडून एकेक. ई२/ई४ माणसात हेच चार पट्टे येतात, पण ई३/ई४मध्ये कापणी अपुरी राहिली तरी ८३ दिसतो, कारण ४८ आणि ३५ एकमेकांपासून सुटत नाहीत. ७२ आणि १९ न सुटल्यास ई४चा पट्टाही ९१ला बसतो, म्हणजे ई४/ई४ माणूस ई३/ई४ वाटू शकतो.

५ युनिट एन्झाइम, ३७ अंशांवर रात्रभर ठेवूनही फरक नाही. पीसीआरमध्ये डीएमएसओ हे द्रावक आहे, ते कापणीत आड येत असेल; कापण्याआधी कॉलमने शुद्ध करून कोणाला फायदा झालाय का? एन्झाइम वाढवावं तर त्याच्या द्रावणातलं ग्लिसरॉलही वाढतं, आणि कापणी बिघडू शकते. धारवाड, कोल्हापूरकडे ई२, ई३, ई४ ज्यांवरून ठरतात त्या प्रथिनातल्या ११२ आणि १५८ या जागा सँगर पद्धतीने (डीएनएचा क्रम थेट वाचून) तपासून देणारं कोणी आहे का? ई४ म्हणजे अल्झायमरचं निदान नव्हे, नुसती जोखीम. तरी घरचे लोक रिपोर्ट घट्ट धरून बसतात, म्हणून संशयित निकाल थांबवलेत.