वीस तास दर्शनबारीत उभं राहणं वेडेपणा आहे का?

भीमाकाठ: काल इथे एकाने लिहिलं, आषाढीला वीस तास बारीत उभं राहणं हा वेडेपणा, मोबाईलवर थेट दर्शन असताना रांग कशाला? रात्रभर डोक्यातून जाईना. 2024 मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात गाभाऱ्याच्या कामासाठी 15 मार्चपासून पदस्पर्श, म्हणजे देवाच्या पायांना स्पर्श करून घ्यायचं दर्शन, बंद होता. आई चैत्री वारीला गेली, लांबून मुखदर्शन घेऊन आली. पिशवी खाली ठेवत म्हणाली, "भेट नाही झाली रे." 2 जूनला पदस्पर्श सुरू झाला आणि आषाढीला ही बाई पुन्हा बारीत. बारीसाठी उभारलेल्या पत्राशेडमध्ये रात्र काढली. पाय सुजवून घेऊन आली, पण चेहरा बघायला हवा होता. पंढरीला माणूस भेटायला जातो. मोबाईलवर भेट होते?

रविकिरण_पुणे: लिहिणारा मीच. आईंबद्दल आदर आहे, पण मूर्तीचं काय? पायांची झीज होते म्हणून वज्रलेप (झीज रोखणारा लेप) करावा लागला, तोही एकदाच नाही. आणि कितीतरी वारकरी कळस पाहून, नामदेव पायरीला डोकं टेकवून माघारी फिरतात. त्यांची वारी पोचत नाही का?

पायरीपाशी: कळस पुरे, हे ज्याचं त्याने म्हणावं. दुसऱ्याने सांगू नये. आमच्या माणसांना पिढ्यानपिढ्या हेच सांगितलं गेलं. चोखोबांची समाधी देवळाबाहेर का आहे? अस्पृश्य मानलेल्यांना आत घ्यावं म्हणून 1 मे 1947 ला साने गुरुजी उपोषणाला बसले, दहा दिवसांनी दार उघडलं. आजोबा आत गेले तेव्हा तिशीचे होते. मरेपर्यंत एकच सांगायचे, "देवाचे पाय गार होते."

नाशिककर: खरा रोग व्हीआयपी दर्शनाचा आहे. दुसऱ्या एका मोठ्या देवस्थानात माझे वडील, वय 78, पाच तास उभे. शेजारून चिठ्ठीवाले सरळ आत. पाणी मागितलं तर "पुढे सरका".

भीमाकाठ: अहो, विषय पदस्पर्शाचा चाललाय.

नाशिककर: विषय हाच आहे! घुसखोरीने बारी लांबते आणि वेडं कोणाला म्हणायचं? उभं राहणाऱ्याला!

रविकिरण_पुणे: घुसखोरी पूर्ण बंद करा, माझा पाठिंबा. तरी हिशेब बसत नाही. आषाढीला देवाचा निजायचा पलंग काढतात, दर्शन चोवीस तास. माणशी दोन सेकंद धरले तरी दिवसाला 43,200 जण. वारी लाखोंची.

नाशिककर: त्या दोन सेकंदांत चिठ्ठीवाला फोटो काढतो, त्याचा हिशेब कोण करणार?

पायरीपाशी: हिशेब बसत नाही हे बारीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. तरी उभा राहतो. आजोबांच्या आधीच्यांना तर उभं राहायचीही मुभा नव्हती.

रविकिरण_पुणे: ठीक. "वेडेपणा" शब्द मागे घेतो, तुमच्या आजोबांसाठी. झिजेचं म्हणणं मात्र सोडणार नाही. मूर्तीच झिजली तर तुमच्या नातवंडांनी काय करायचं?

भीमाकाठ: झीज आम्हालाही दिसते. गेल्या वेळी आईने हात लावला नाही, फक्त कपाळ टेकवलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.