जुन्या बुलेटसाठी व्हिटवर्थ पाना मिळत नाही

प्रश्न (इंदूर): वडिलांच्या जुन्या बुलेटवरील ५/१६ व्हिटवर्थ (जुने ब्रिटिश इंची माप; ५/१६ इंच ही बोल्टची जाडी) नटाचा पाना झिजला असून सियागंजात मला फक्त मिलिमीटरचे पाने मिळाले, १६चा घसरतो, १५चा बसत नाही. काय करावे?

उत्तर: या नटाची रुंदी ०.६०० इंच, म्हणजे १५.२४ मिलिमीटर असते. त्यामुळे १५चा पाना शिकंजात धरून त्याचे जबडे बारीक कानशीने घासावेत आणि कानशीचे दर चार हात फिरवल्यानंतर नटावर बसवून पाहावे. वेळ लागेल, पण ग्राइंडर लावू नये, कारण पोलाद तापून निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरते.

उत्तर: ३/८ व्हिटवर्थला १८चा पाना बहुधा तसाच चालतो.

प्रश्नकर्ता: दादा, मनापासून आभार. संध्याकाळभर घासले, कोपरे शाबूत राहून नट सुटला.