पाच ग्रामपंचायती मिळून एकच घंटागाडी आणि एकच सुका कचरा शेड: खर्च कसा वाटायचा, कागद कोणते करायचे?

नदीकाठ:
एकाच डांबरी रस्त्यावरच्या पाच ग्रामपंचायती आहेत, टोकापासून टोकापर्यंत 14 किमी. लोकसंख्या 3400, 2900, 2100, 1900 आणि 1300, म्हणजे एकूण 11,600. नमुना 8 (घरपट्टीची नोंदवही) प्रमाणे कुटुंबं अनुक्रमे 760, 650, 470, 425 आणि 295, एकूण 2600. प्रत्येक गाव वेगळी गाडी मागतंय. एकेका गावाच्या पैशात कुणाचीच धड गाडी होत नाही, आणि झाली तरी ड्रायव्हरचा पगार कुठून काढायचा हा प्रश्न उरतोच. म्हणून एक गाडी, एक शेड, खर्च वाटून, असं सरपंचांचं तोंडी ठरलंय.

प्रश्न असे: एक गाडी पाच गावांना पुरेल का? पैसे कोणत्या खात्यावर जमा करायचे? वाटणी लोकसंख्येवर, घरांवर की किलोमीटरवर? आणि ऑडिटला आक्षेप येऊ नये म्हणून कागद कोणते? गट ग्रामपंचायत करायची नाहीये. पाचही ग्रामपंचायती वेगळ्याच राहणार आहेत.

प्रोसिडिंगवाला:
कागदापासून सुरुवात करा, कारण तोंडी ठरलेलं पुढच्या निवडणुकीपर्यंतच टिकतं.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 50 मध्ये दोन किंवा अधिक स्थानिक संस्थांच्या संयुक्त समितीची सोय आहे. पंचायत दुसऱ्या पंचायतीशीच नाही, तर नगरपरिषदेशी किंवा जिल्हा परिषदेशीही अशी समिती करू शकते. क्रम असा ठेवा: आधी पाचही गावांच्या मासिक सभेत एकाच मसुद्याचा ठराव, मग ग्रामसभेची मंजुरी, मग करारनामा. मसुदा शब्दशः एकच हवा. एका गावाच्या प्रोसिडिंगमध्ये ‘कचरा वाहतूक’, दुसऱ्यात ‘घनकचरा व्यवस्थापन’ आणि तिसऱ्यात नुसतं ‘स्वच्छता’ असं लिहिलं, की बिल काढताना विस्तार अधिकारी फाइल परत पाठवतो.

समितीला कर लावायचा अधिकार नसतो. सफाई कर किंवा सेवाशुल्क ज्या त्या ग्रामपंचायतीनेच आकारायचं, पावतीही तिचीच.

खात्याबद्दल. वित्त आयोगाचे पैसे एका ग्रामपंचायतीने दुसरीच्या खात्यात टाकायच्या फंदात पडू नका. पंधराव्या वित्त आयोगात (2021 ते 26) 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा, होता. त्यातला निम्मा स्वच्छतेला, निम्मा पाण्याला. खर्च ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवरूनच, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी दोघांच्या डिजिटल सहीने. त्यामुळे काम चालवणारी संस्था पाचही ग्रामपंचायतींत व्हेंडर म्हणून नोंदवा, मग प्रत्येकीने आपल्या हिश्शाचं बिल थेट तिला द्यायचं. ही संस्था म्हणजे ‘उमेद’चा प्रभागसंघ (महिला बचत गटांचा संघ) असला तर उत्तम. मात्र हे काम प्रत्येक गावाच्या विकास आराखड्यात आधीपासून असायला हवं. आराखड्यात नाही ते पोर्टलवर दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याचं बिल निघत नाही.

ड्रायव्हर कोणत्याच ग्रामपंचायतीचा कर्मचारी दाखवू नका. कर्मचारी खर्चाला उत्पन्नाच्या 35 टक्क्यांची मर्यादा आहे. लहान गावं आधीच तिच्या काठावर असतात. माणसं संस्थेची, ग्रामपंचायत फक्त सेवेचं बिल देणार.

गाडी मात्र कुणा एका ग्रामपंचायतीच्या नावावरच पासिंग करावी लागेल. विमा, फिटनेस आणि अपघाताची जबाबदारी कुणाची, हे करारात स्वतंत्र कलम करून लिहा. नाहीतर आरसी बुकवर ज्याचं नाव, त्याच्या गळ्यात सगळं.

डिझेलहिशोब:
गाडी पुरते, पण एका अटीवर. ओला कचरा गाडीत घ्यायचा नाही.

गावात माणशी दिवसाला 200 ग्रॅमच्या आसपास कचरा धरा. (धरायचाही नका खरं तर. प्रत्येक गावात 30 घरं निवडून आठ दिवस ताणकाट्यावर वजन करा. जनावरं असलेल्या आळीत आणि स्टँडजवळच्या आळीत दुपटीचा फरक पडतो.) त्यातला सुका साधारण पाव हिस्सा, म्हणजे माणशी 50 ग्रॅम, पाच गावांचा रोज 600 किलोच्या आतबाहेर. छोट्या टेम्पोची वजन उचलायची क्षमता बघून लोक म्हणतात, एका खेपेत उरकेल. तसं होत नाही. सुका कचरा घनमीटरला जेमतेम 100 किलो भरतो. गाडी वजनाने नाही, आकाराने भरते. 600 किलो म्हणजे 6 घनमीटर. दोन घनमीटरच्या डब्याला जाळीचे उंच फळके लावून तीन घनमीटर केलं तर रोज दोन ते तीन खेपा.

सुका कचरा कुजत नाही, त्यामुळे प्रत्येक घरी आठवड्यातून एकदा गेलं तरी चालतं. 2600 घरं भागिले सहा दिवस म्हणजे रोज 433 घरं. घरामागे 50 सेकंद धरले तरी सहा तास. मोठ्या गावाला पावणेदोन दिवस आणि सगळ्यात लहानाला पाऊण दिवस येतो. रोज गाडी फिरवायचा हट्ट धरला की गाड्या दोन लागतात आणि योजना तिथंच बसते.

महिन्याचा अंदाज: ड्रायव्हर 15,000. दोन मदतनीस 24,000. डिझेल 8000 (रोज 40 किमी, 26 दिवस, थांबत-थांबत चालणाऱ्या गाडीला लिटरमागे 12 किमी). दुरुस्ती, टायर, विमा मिळून 6000. शेडवर वेगळं करायला तीन महिला 31,200. वीज 3000. हातमोजे, बूट, मास्क, पोती 2800. बेरीज 90,000, म्हणजे कुटुंबामागे महिन्याला 35 रुपये. मजुरीचे आकडे किमान वेतनाच्या चालू दराशी ताडून घ्या, वर जाऊ शकतात. भंगार विकून येणारे पैसे या हिशोबात शून्य धरा. भाव पडला की त्या भरवशावर ठेवलेल्या माणसाचा पगार थकतो.

वाटणी अशी करा: डिझेल किलोमीटरप्रमाणे, बाकी 82,000 कुटुंबांप्रमाणे. गाडीत लॉगबुक हवंच. गावाच्या वेशीवर शिरताना आणि निघताना किमी लिहायचे, खाली त्या गावाच्या शिपायाची सही.

गाठप्रेस:
किलोमीटरच्या वाटणीला माझा विरोध आहे, आणि विरोध आकड्यावरूनच आहे. सगळ्यात लहान गाव शेडपासून लांब आहे असं समजा. महिन्याच्या 1040 किमीपैकी 260 त्याच्या वाट्याला आले तर डिझेलचे 2000 आणि बाकीचे सुमारे 9300, म्हणजे कुटुंबामागे 38 रुपये. मोठं गाव शेडजवळ, 150 किमी, तर त्याला कुटुंबामागे 33. पाच रुपयांच्या फरकासाठी लॉगबुक, वेशीवरच्या सह्या आणि दर महिन्याची हुज्जत! सरळ कुटुंबांवर वाटा. नमुना 8 मधली घरं दरवर्षी 1 एप्रिलला मोजा, वर्षभर तोच आकडा.

एक अपवाद. आठवडे बाजार ज्या गावात भरतो त्याच्या कुटुंबांत 100 जास्तीची धरा. बाजाराचा कचरा बाहेरच्यांचा असला, तरी बाजारकर त्या गावालाच मिळतो.

आता शेड. मोडतात त्या योजना बहुतेक इथेच मोडतात. 30 बाय 50 फुटांचं शेड कागदावर ऐसपैस दिसतं. निम्मी जागा फिरायला आणि निवडायला जाते. उरलेल्या जागेत दीड मीटर उंचीचा थर लावला तर जेमतेम 100 घनमीटर सुटा कचरा मावतो. तुमचा महिन्याचा 180 घनमीटर आहे, म्हणजे अडीच आठवड्यांत शेड भरलं. मग कचरा दाराबाहेर, वारा सुटला की शेजारच्या उसात. म्हणून गाठी बांधायचं प्रेस शेडबरोबरच यायला हवं, ‘पुढच्या हप्त्यात’ नाही.

पैसे थोडे असतील तर आधी प्रेस, प्लास्टिकचे तुकडे करणारं श्रेडर नंतर. श्रेडरमध्ये चिखलाच्या पिशव्या गेल्या की पाती बोथट होतात, पातळ पिशव्या शाफ्टला दोरीसारख्या गुंडाळल्या जातात, आणि मशीन उघडून कोयत्याने कापत बसावं लागतं. आधी धूळ झटकायचं फटका मशीन नसेल तर श्रेडर घेऊच नका. डांबरी रस्त्यासाठी तुकडे द्यायचे असतील तर भारतीय रोड काँग्रेसच्या 2013 च्या मार्गदर्शिकेप्रमाणे डांबराच्या वजनाच्या 6 ते 8 टक्के प्लास्टिक वापरतात, आणि त्यात पीव्हीसी अजिबात चालत नाही. निवडणाऱ्या बायकांना पीव्हीसीचा तुकडा हातात देऊन ओळखायला शिकवा. पाइपाचे तुकडे, फ्लेक्स, रेक्झिन बाजूला.

आगीचं विसरू नका. मीटर आणि मेन स्विच शेडच्या बाहेर, गाठींच्या दोन रांगांत माणूस जाईल एवढी वाट, वाळूच्या बादल्या दाराशी.

नदीकाठ:
हिशोब पटला. कुटुंबांवरच करतो. दोन शंका. स्वच्छ भारतचे पैसे एकत्र करता येतात का? आणि शेड ज्या गावात होणार तिथले लोक म्हणतात, पाच गावांचा उकिरडा आमच्याच दारात का?

प्रोसिडिंगवाला:
स्वच्छ भारत ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्याचे मापदंड: घनकचऱ्याला 5000 पर्यंतच्या गावाला माणशी 60 रुपये, त्यापुढच्याला 45. त्यातले 30 टक्के वित्त आयोगातून. तुमची पाचही गावं 60 मध्ये बसतात. सगळ्यात लहान गावाचे होतात 78,000, त्यात तीनचाकी हातगाड्या आणि डबेच येतात. पाच मिळून 6,96,000. गावांचा समूह करून काम घ्यायची मुभा या टप्प्यात आहे. पंचायत समितीकडून आधी गावनिहाय शिल्लक लेखी घ्या. एखाद्या गावाने हे पैसे खतखड्ड्यांवर संपवलेले असतात आणि सरपंचालाही ठाऊक नसतं.

दुसरं, प्लास्टिक प्रक्रिया केंद्राला तालुक्यामागे 16 लाखांपर्यंतची तरतूद होती. तुमच्या तालुक्यात ते केंद्र झालं असेल तर प्रेस-श्रेडर तुम्ही घेऊच नका. फक्त साठवणीचं शेड बांधा आणि गाठी न बांधलेला माल दर दहा दिवसांनी तिकडे पाठवायचा करार करा. 10 दिवसांचा साठा 60 घनमीटर, तो त्याच शेडमध्ये मावतो.

शेडच्या गावाचं म्हणणं रास्त आहे, त्याला उपदेश करून भागत नाही. ठरावातच लिहा: शेडवर ओला कचरा येणार नाही, न विकला जाणारा माल 15 दिवसांच्या वर राहणार नाही, निवडणीच्या तीन कामांत पहिला हक्क त्या गावच्या महिलांचा, आणि त्या गावाला वर्गणीत सूट. सूट 20 टक्के दिली तर बाकी चौघांवर कुटुंबामागे एक ते तीन रुपयेच वाढतात. जागा गायरानातली असेल तर आधी रीतसर मंजुरी. ताबा आहे म्हणून पाया खोदला, तर विरोधकांना आयता मुद्दा मिळतो.

डिझेलहिशोब:
थकबाकीची अट विसरताय सगळे. प्रादेशिक नळ योजनांचं काय होतं ते आठवा: दोन गावं वीजबिलाचा हिस्सा देत नाहीत, पंपाची वीज तुटते आणि भरणाऱ्यांचंही पाणी बंद. सगळ्या गावांची मिळून शिखर समिती असून उपयोग होत नाही, कारण एकाच गावापुरतं पाणी तोडायला व्हॉल्व्ह नसतो. गाडीला तो व्हॉल्व्ह आहे, वापरा. तीन महिन्यांची वर्गणी अनामत, म्हणजे पाच गावांची मिळून 2,70,000. ही संस्थेच्या वेगळ्या खात्यात आणि गावाच्या स्वनिधीतून. 45 दिवस थकले की त्या गावाची फेरी बंद, हे करारात. बाहेर पडायचं तर सहा महिने आधी नोटीस आणि 31 मार्चलाच, गाडीतला हिस्सा परत नाही.

मोठ्या पातळीवर ‘स्टेम’ बघा. ठाणे, मिरा-भाईंदर आणि भिवंडी या तीन महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद एकाच पाणी कंपनीच्या भागधारक आहेत. पाच गावांना कंपनी नको, पण मोजून द्यायचं आणि मोजून घ्यायचं ही पद्धत तीच.

शोषखड्डा:
कचऱ्याचं जमलं की सेप्टिक टाकीचा मैलाही याच समितीत घ्या. साताऱ्यात नगरपरिषदेच्या 65 हजार लिटर क्षमतेच्या मैला प्रक्रिया केंद्राला जकातवाडी, सोनगाव, कोडोली, देगाव ही शेजारची गावं जोडायची व्यवस्था झाली, कारण शहराची क्षमता शिल्लक होती. खटाव तालुक्यात मायणीला समूहाचं केंद्र आखलं ते 80 गावांसाठी.

तुमच्याकडे समजा 900 सेप्टिक टाक्या आहेत. तीन वर्षांतून एकदा उपसा धरला तर वर्षाला 300, म्हणजे कामाच्या दिवसाला एक. यासाठी स्वतःचं केंद्र काय, स्वतःचा टँकरही नको. जवळच्या नगरपरिषदेशी खेपेचा दर ठरवा. मोजणी करताना दोन शोषखड्ड्यांचे संडास यात धरू नका. तिथं एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवून पहिला दीड-दोन वर्षं बंद ठेवायचा असतो, टँकर लागत नाही. सर्व्हेला गेलेला माणूस दोन्हीला ‘टाकी’च लिहितो, म्हणून झाकण उघडून बघा.

नदीकाठ:
डायपर आणि पॅडचं काय? आठवड्यातून एकदाच गाडी म्हटल्यावर ते घरात ठेवणार नाही कुणी.

गाठप्रेस:
नाही ठेवत, आणि सुक्यात टाकतात. एक डायपर फुटला की निवडणारी बाई ते अख्खं पोतं बाजूला सारते. त्यासाठी आळीत झाकणाचे वेगळे डबे ठेवा, गाडीच्या फळक्याला बाहेरून एक बंद पिंप लावा. गाडी मोठ्या गावाकडे जाता-येता वाटेवरच्या गावांचे डबे त्यात रिकामे करते, जास्तीचा किलोमीटर लागत नाही. टोकाच्या गावासाठी मात्र आठवड्यात एक वेगळी फेरी धरा, आणि ती अंदाजपत्रकात आत्ताच टाका.