मदत हवी आहे: ३० बाय १८ फुटांच्या बागेत ग्रीनहाऊस आणि शेड, दोन्ही बसतील का?

नमस्कार मंडळी,

इंग्लंडमध्ये रेडिंगला आमचं ओळीतलं घर आहे, दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या. मागची बाग ३० फूट लांब आणि १८ फूट रुंद. तिच्यात एक छोटं ग्रीनहाऊस हवंय आणि सायकली, लॉनमोअर, शिडी ठेवायला एक शेड. तीन आठवडे कागदावर चौकोन काढतेय. एकाला जागा दिली की दुसऱ्याचं ऊन जातं.

हे का हवंय ते आधी सांगते. माझी आई दर एप्रिलला मिरजेहून येते आणि सप्टेंबरअखेर परत जाते. इथं तिला ओळखीपाळखी नाहीत, एकटीनं बस पकडायला ती बिचकते. तिचा दिवस जातो तो बागेत. मेथी, कोथिंबीर, घेवडा बाहेरच्या वाफ्यात छान येतात. पण लवंगी मिरची सप्टेंबर उजाडला तरी हिरवीच, आणि वांग्याला फुलं येतात ती गळून जातात. मेच्या मध्यापर्यंत रात्री कधीही फ्रॉस्ट, म्हणजे दव गोठवणारी थंडी, पडू शकतो, त्यामुळे आई आल्यावर पहिला महिनाभर तिची रोपं खिडकीत दाटीवाटीनं उभी असतात आणि ती त्यांच्याकडे बघत बसते. यंदा जाताना विमानतळावर म्हणाली, "पुढच्या वर्षी वांगी नको लावूया गं, उगाच जीव लागतो." तेव्हाच ठरवलं की पुढच्या एप्रिलच्या आत काहीतरी उभं करायचं.

प्लॅस्टिकच्या कव्हरचं, पाइपांवर उभं राहणारं ग्रीनहाऊस करून झालंय. १८ फेब्रुवारी २०२२ ला युनिस वादळात ते रोपांच्या ट्रेसकट शेजाऱ्यांच्या बागेत जाऊन पडलं. कोणाला लागलं नाही हे नशीब. तो प्रकार पुन्हा नको.

आता बागेची रचना. घर पश्चिमेला, बाग पूर्वेकडे लांबत जाते. दक्षिण आणि उत्तर दोन्ही बाजूंना ६ फुटी लाकडी कुंपण आहे. पूर्वेच्या कुंपणात, उत्तर कोपऱ्याजवळ, मागच्या बोळात उघडणारं फाटक आहे. सायकली तिथूनच आत येतात, कारण दुसरा रस्ता घरातून, बैठकीच्या खोलीतल्या गालिच्यावरून.

ऊन कुठे पडतं हे नुसत्या अंदाजानं ठरवायचं नाही म्हणून मी २२ सप्टेंबरला सकाळी नऊपासून दर तासाला लॉनवर सावलीच्या कडेनं रांगोळीची रेघ ओढली. (शेजारच्या आजींना वाटलं आमचा काही सण आहे. त्याही मग खुर्ची घेऊन बघत बसल्या.) दुपारी एकला, म्हणजे इथल्या घड्याळाप्रमाणे सूर्य सगळ्यात वर असताना, दक्षिणेच्या कुंपणाची सावली साडेसात फूट आत आली होती. जूनमध्ये मोजलं तेव्हा ती जेमतेम सव्वातीन फूट होती. आणि चार वाजता घराची सावली पार मागच्या कुंपणाला टेकली. थोडक्यात, घराजवळचा भाग दुपारनंतर गेला, दक्षिणेची पट्टी वर्षातला बराच काळ गेली, आणि खरं ऊन उरतं ते उत्तरेच्या कुंपणालगत, मागच्या अर्ध्यात. म्हणजे नेमकं जिथे फाटक आहे तिथे!

नवऱ्याचं म्हणणं, शेड मागच्या दक्षिण कोपऱ्यात टाकू, सगळ्यांची तिथेच असते, आणि ग्रीनहाऊस तिच्या समोर उत्तरेला. ६ बाय ४ ची शेड, ७ फूट उंच. मला भीती वाटते की ती ग्रीनहाऊसवरच सावली टाकेल. अर्धी शेड आणि अर्धं ग्रीनहाऊस असा जोडप्रकार मिळतो तोही बघितला, पण त्यात काचेचा भाग फारच चिंचोळा वाटला. घराच्या भिंतीला टेकवून उभं करायचं ग्रीनहाऊस चालेल का, तर तिथे ड्रेनेजचं झाकण आहे, ते उघडता आलंच पाहिजे, आणि ऊन फक्त सकाळचं.

तर माझे प्रश्न: शेड कुठे ठेवू? एवढ्या जागेत ६ बाय ४ चं ग्रीनहाऊस घेण्यात अर्थ आहे का? काच घ्यावी की पॉलीकार्बोनेट, म्हणजे कडक पारदर्शक प्लॅस्टिक? मुलगा सात वर्षांचा आहे आणि बागेत फुटबॉल खेळतो. आणि कढीपत्ता! सात वर्षं जपलेला, कुंडीतला. दर हिवाळ्यात खिडकीत असूनही काड्या होतो. त्याला थंडीत ग्रीनहाऊसमध्ये ठेवता येईल का?

कोणी स्वतः केलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. पाया हिवाळ्यातच घालून घ्यायचा आहे.

— अबोली

रानजाई:

अबोली, रांगोळीची कल्पना फार आवडली. तुमच्या रेघांमध्येच उत्तर आहे बघा.

तुमची शंका बरोबर आहे. कुंपणापासून दीड फूट सोडून ४ फूट खोलीची शेड ठेवलीत तर तिची उत्तरेकडची कड साडेपाच फुटांवर येते. ७ फुटी शेडची सावली सप्टेंबरात दुपारी पावणेनऊ फूट पडणार, म्हणजे सव्वाचौदा फुटांपर्यंत. समोरचं ग्रीनहाऊस साडेबारा फुटांवर सुरू होतं. एप्रिल ते ऑगस्ट फारसं बिघडणार नाही, पण मिरची पिकायची वेळ आली की पायाशी अंधार.

माझं स्पष्ट मत, उंच शेड घेऊच नका. सायकलींसाठी बुटकी पेटी मिळते, वरचं झाकण आणि पुढची दारं उघडणारी, साधारण ६ बाय ३ फूट आणि साडेचार फूट उंच. ती दक्षिणेच्या कुंपणालगत ठेवा. तिथे ६ फुटी कुंपणाची सावली आधीच आहे, त्या सावलीत साडेचार फुटांची पेटी बरीचशी बुडून जाते. सप्टेंबरात दुपारी तिची सावली कुंपणाच्या सावलीपेक्षा फूटभरच पुढे जाते, ग्रीनहाऊसपर्यंत पोहोचत नाही. लॉनमोअर आणि दोन सायकली त्यात मावतात, मी ठेवते आहे. शिडी घराच्या भिंतीवर आडवी, कुलूप लावून. कुलूप विसरू नका, मोकळी शिडी म्हणजे चोराला वरच्या खिडकीचा रस्ता.

ग्रीनहाऊस उत्तरेच्या कुंपणालगत, पण फाटकापासून ४ फूट जागा सोडून घराकडे सरकवा. सायकलचं हँडल वळवायला तेवढी लागतेच.

पाचोळा:

वरचं सगळं पटलं. परवानगीचं थोडं. इंग्लंडमध्ये असल्या गोष्टींना सहसा प्लॅनिंगची परवानगी लागत नाही, पण हद्दीपासून २ मीटरच्या आत काही उभं केलं तर उंची २.५ मीटरच्या वर जाता कामा नये, आणि घरामागे वाढवलेलं बांधकाम धरून मोकळ्या जागेचा निम्म्याहून जास्त भाग झाकायचा नाही. या मापांत तुम्ही आरामात बसता. घर नव्या वसाहतीतलं असेल तर मात्र घराची कागदपत्रं बघा, तिथे कधी कधी ही सूट काढून घेतलेली असते.

सात वर्षांचा मुलगा आणि फुटबॉल म्हटल्यावर साधी बागकामाची काच अजिबात नको. तिचे सुऱ्यासारखे लांब तुकडे होतात. टफन्ड, म्हणजे तापवून कडक केलेली, काच फुटली तर खड्यांसारखा चुरा होतो. पॉलीकार्बोनेट बॉल सोसतं, पण वजनाला हलकं, वाऱ्यात त्याचे पत्रे निसटतात. युनिस पाहिलेल्या माणसानं टफन्डच घ्यावी.

आणि सांगाडा फरश्यांवर बोल्टनं आवळून घ्या. नुसता मातीवर ठेवायचा नाही. पाया चारी बाजूंनी समपातळीत नसेल तर दार सरकत नाही आणि काचा बसत नाहीत. माझे दोन शनिवार पायातच गेले, आणि ते सत्कारणी लागले असं आजही वाटतं.

वाफा:

६ बाय ४ मध्ये अर्थ आहे का, तर आहे, पण एक धोका. लहान ग्रीनहाऊस पटकन तापतं. १९ जुलै २०२२ ला इंग्लंडमधल्या कॉनिंग्सबीला ४०.३ अंशांची नोंद झाली. त्या दिवशी माझं छपराचं झरोकं बंद राहिलं आणि संध्याकाळपर्यंत टोमॅटोची पानं उकडल्यासारखी झाली. मेणाच्या नळीवर चालणारा उघडक मिळतो, ऊन वाढलं की मेण फुगतं आणि झरोकं आपोआप उघडतं. वीज लागत नाही. तो पहिल्याच दिवशी बसवा. वांग्याची फुलं गळतात ती रात्रीच्या गारठ्यानं, पण फार तापलं तरीही गळतात.

कढीपत्ता थंडीत ग्रीनहाऊसमध्ये नको. न तापवलेल्या काचेच्या घरात रात्री बाहेरच्यापेक्षा जेमतेम दोन-तीन अंश जास्त असतं, त्यात तो मरेल. हीटर लावाल तर विजेचं बिल त्या झाडाच्या पानांना परवडणार नाही. घरातच ठेवा, सगळ्यात उजेडाच्या खिडकीत, पण रेडिएटरपासून लांब, आणि पाणी अगदी कमी. काड्या झाल्या तरी घाबरू नका. जूनमध्ये ग्रीनहाऊसमध्ये नेऊन शेंडे खुडा, फुटवे येतात. माझा अकरा वर्षांचा आहे.

आईंसाठी एक सूचना. आतली फळी कमरेएवढी, अडीच फुटांवर लावा. वाकावं लागत नाही. आणि १८ फुटांच्या तुमच्या रुंदीत डिसेंबरात कुंपणाची दुपारची सावली ग्रीनहाऊसवर साधारण तेवढ्याच उंचीपर्यंत चढते, त्यामुळे फळीवरच्या कुंड्यांना तेव्हाही थोडं ऊन मिळेल.

अबोली:

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. कालच फ्रिजचा जुना खोका साडेचार फुटांवर कापून दक्षिणेच्या कुंपणाला लावला आणि दुपारी बघितलं. सावलीची रेघ खरंच जेमतेम हलली! नवऱ्यानंही ते पाहिलं आणि उंच शेडचा विषय संपला. गणपतीचं मखर आणि आकाशकंदील शेडमध्ये ठेवायचा विचार होता, ते आता माळ्यावरच राहतील. ओल लागण्यापेक्षा बरं.

टफन्ड काच, फरश्यांचा पाया, मेणाचा उघडक, हे पक्कं. नोव्हेंबरात खोदायला घेतो.

आईला फोनवर सगळं वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती, मग विचारलं, "दार किती रुंद आहे?" दोन फूट, म्हटलं. तिच्या अळूच्या कुंडीचा घेर तिनं मला टेपनं मोजायला लावला. आडवी २० इंच भरली.