पळवून पळवून फुटबॉलपटू घडतो का?

काळी_माती (परभणी)
रविवारी ३-१ हरलो. सरांचं निदान तयारच होतं, "पोरांना दम नाही." झालं, सोमवारपासून पहाटे साडेपाचला वसमत रोडनं आठ किलोमीटर. शेजारून पोलीस भरतीची पोरं १६०० मीटरची तयारी करायलीत. काल त्यातल्या एकानं विचारलं, "तुम्ही कोणत्या जिल्ह्याचा फॉर्म भरला?"

तीनपैकी दोन गोल पहिल्या वीस मिनिटांत खाल्ले हो! तेव्हा कोण दमलं होतं? थ्रो-इनला दोघं एकाच गड्यामागं गेले आणि तिसरा मोकळा सुटला. आपल्याकडं कसंही हरलं तरी उतारा एकच, पळा.

नॉर्वेत १९८९ ते २०१२ या काळात दीड हजारांवर खेळाडूंचं व्हीओटू मॅक्स मोजलं, म्हणजे वजनाच्या किलोमागं शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती मिली ऑक्सिजन वापरू शकतं ते. व्यावसायिक खेळाडू ६२ ते ६४ च्या आसपास निघाले. वरच्या आणि खालच्या दर्जाच्या खेळाडूंना वेगळं काढता येईल असा तो आकडाच नव्हता. शेवटच्या काही वर्षांत तर तो जरा घसरला होता. म्हणून म्हणतो, पुरेसा दम हवाच, पण त्याच्या वर कितीही पळवा, खेळ सुधारत नाही.

डावाबॅक_नांदेड
भाऊ, "पुरेसा" हा शब्द हळूच सरकवलात. नॉर्वेतले ६२-६४ वाले आणि आपली पोरं, काही मेळ आहे का? आपली ७० व्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभी असतात.

नॉर्वेचाच दाखला घ्या, २००१ चा. १८ च्या आसपास वयाची ज्युनियर पोरं. चार मिनिटं जोरात, हृदयाचे ठोके कमाल मर्यादेच्या ९० ते ९५ टक्क्यांवर, मग तीन मिनिटं हळू. असं चार वेळा, आठवड्यातून दोनदा, आठ आठवडे. व्हीओटू मॅक्स ५८ वरून ६४ वर गेलं. मॅचमधलं अंतर २० टक्क्यांनी वाढलं, स्प्रिंट दुप्पट झाल्या, आणि चेंडूवर येणंही २४ टक्क्यांनी वाढलं. तुमच्या उताऱ्याला गुण आलाय की!

काळी_माती (परभणी)
त्याच अभ्यासातली पुढची ओळ गाळलीत. पासचा दर्जा आणि किकची अचूकता होती तिथंच राहिली. म्हणजे पोरगं चेंडूपाशी जास्त वेळा पोचणार आणि जास्त वेळा चुकीचा पास देणार 😄

इंग्लंडमध्येही मोजलंय. प्रीमियर लीगपेक्षा खालच्या दोन डिव्हिजनचे खेळाडू मॅचमध्ये जास्त जोराचं पळतात. चेंडू हातचा गेला की मागं धावावंच लागतं.

डावाबॅक_नांदेड
मॅचमध्ये किती पळाला आणि किती पळू शकतो, यात फरक आहे राव. खिशात पैसे असून खर्च न करणं वेगळं.

लातूरचा_पंच
दोघंही उन्हाचं बोलंनात. मी एप्रिलात चारच्या मॅचला शिट्टी मारलीय, दुसऱ्या हाफमध्ये कोणी ऑफसाइडसाठी भांडतसुद्धा नाही. २०१४ च्या वर्ल्डकपमध्ये फोर्तालेझाला नेदरलँड्स-मेक्सिको आठवा. गर्मीमुळं खेळ थांबवून पाणी दिलं होतं. मेक्सिको ८८ व्या मिनिटापर्यंत पुढं, आणि शेवटी २-१ नं हरले. दम ज्याचा टिकला तो जिंकला.

काळी_माती (परभणी)
काका, त्याच पाण्याच्या ब्रेकमध्ये नेदरलँड्सचा कोच व्हॅन गालनं टीमची मांडणी बदलली होती. तुम्ही पाणी बघितलं, मी फळा बघितला.

बीपीएड_संभाजीनगर
मी पोरांना शिकवतो म्हणून मध्ये पडतोय. माझ्या मते दम वाढवल्याचा फायदा होतोच, यात काळी_माती चुकतायत. पण आठ किलोमीटर एका चालीनं पळून येणारा दम फुटबॉलच्या फार कामाचा नाही, इथं सर चुकतायत. मोठ्या पातळीवरचा खेळाडू मॅचमध्ये १० ते १२ किलोमीटर जातो खरा, पण त्यातलं बरंचसं चालणं आणि जॉगिंग. निकाल लागतो तो मधल्या झटक्यांवर, आणि एका झटक्यानंतर दुसऱ्याला किती लवकर तयार होता यावर. तिथं दम उपयोगी पडतो. डेन्मार्कच्या बांग्सबोंची यो-यो टेस्ट तेच मोजते, २० मीटर जाऊन परत, मग दहा सेकंद विसावा, वेग वाढता. क्रिकेटवाल्यांमुळं आपल्याला नाव माहीत झालं, पण ती फुटबॉलमधली आहे.

आणि ते चार-चार मिनिटांचे तुकडे रस्त्यावरच करायचे असं कुठं लिहिलंय? चेंडू घेऊन अडथळ्यांतून ड्रिबलिंग केलं, किंवा लहान मैदानात थोडे-थोडे गडी खेळवले, तरी ठोके ९० टक्क्यांच्या वर जातात. नॉर्वेवाल्यांनी हेही मोजलंय. अडथळ्यांसाठी प्लॅस्टिकचे कोन नसतील तर विटा मांडा. मैदान छोटं ठेवा आणि चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाका, नाहीतर पोरं चेंडू आणायच्या निमित्तानं विसावा घेतात.

डावाबॅक_नांदेड
हे पटलं. पण बेसच नसलेल्या पोरांना पहिले दोन-तीन आठवडे साधं पळवावंच लागतं, यावर मी ठाम आहे.

लातूरचा_पंच
विटांचं ठीक. पण सरांना सांगणार कोण?

काळी_माती (परभणी)
मी सांगतो. उद्याचे आठ किलोमीटर झाले की.