सोरपोतेल, शनिवार आणि दशमांश: मोशेचं नियमशास्त्र ख्रिस्ती माणसाला कितपत लागू?

पाचूबंदर

पारंपरिक सोरपोतेलात डुकराचं मांस, काळीज, हृदय आणि रक्तही पडतं. आमच्या वसईत काय किंवा गोव्यात काय, सणाच्या जेवणात ते लागतंच. 'डुक्कर खाणं बायबलातल्या लेवीय ११ मध्ये निषिद्ध आहे, तुम्ही कसं खाता?' असं कुणी विचारलं की आपण ठरलेलं उत्तर देतो: नियमशास्त्र आम्हाला लागू नाही. डुकरापुरतं हे उत्तर चालतं. रक्तापुरतं चालत नाही, असं माझं म्हणणं आहे.

कारण प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५. साधारण इ.स. ४९. यहूदियातून काही जण अंत्युखियाला येऊन सांगू लागले की सुंता केल्याशिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका, नाही. पौल आणि बर्णबा वाद घालत यरुशलेमला गेले. तिथे पेत्राने कर्नेल्याचा दाखला दिला: सुंता न झालेल्या रोमी शताधिपतीला पवित्र आत्मा मिळाला, मग आणखी अट कशाला? शेवटी यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याने निर्णय दिला आणि तो लेखी पत्राने पाठवला. परराष्ट्रीयांवर, म्हणजे यहुदी नसलेल्यांवर, जास्त ओझं नको, पण चार गोष्टी वर्ज्य: मूर्तीला वाहिलेलं अन्न, रक्त, गळा दाबून मारलेलं जनावर आणि जारकर्म.

हे चार कुठून आले? लेवीय १७ आणि १८ उघडा. इस्राएलात राहणाऱ्या परक्या माणसालाही जे बंधनकारक आहे ते तिथे ओळीने येतं: आधी यज्ञबळी, मग रक्त, मग मेलेलं किंवा फाडलेलं जनावर, शेवटी निषिद्ध लैंगिक संबंध. पत्रातला क्रमही हाच. म्हणजे सभेने नियमशास्त्र मोडीत काढलं नाही. त्याच शास्त्रात परक्यासाठी काय लिहिलंय तेवढं काढून दिलं. सुंता, शब्बाथ (शनिवारची विश्रांती), डुक्कर आपल्याला कधी लागूच नव्हतं, आणि हे चार लागू होते ते आजही आहेत. मारा दगड.

कृपाधीन

पहिला दगड माझा. ते चार नियम एका जेवणाच्या टेबलासाठी होते. अंत्युखियात यहूदी आणि परराष्ट्रीय विश्वासी एकत्र जेवत होते. गलती २ मध्ये पेत्र याच पंगतीतून उठला आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं. पंगत मोडू नये म्हणून केलेली ती तडजोड होती.

पुरावा पौलच देतो. त्याच गलती २ मध्ये यरुशलेमच्या भेटीबद्दल तो लिहितो की आपल्यावर काहीही जास्तीचं लादलं गेलं नाही, फक्त गरिबांची आठवण ठेवा एवढंच सांगितलं. करिंथकरांना मूर्तीला वाहिलेल्या अन्नावर तो जवळजवळ तीन अध्याय लिहितो आणि या पत्राचा एकदाही उल्लेख करत नाही. उलट १ करिंथ १०:२५ मध्ये सांगतो: बाजारात जे मांस विकतात ते चौकशी न करता खा. समोरच्याने 'हे वाहिलेलं आहे' असं सांगितलं तरच हात आखडा, तोही त्याच्या विवेकासाठी. आपल्याकडे प्रसादाच्या बाबतीत हाच विचार करणारे पुष्कळ आहेत.

शिवाय गलती ५:३: सुंता करून घेणारा अख्खं नियमशास्त्र पाळायला बांधील आहे. सगळं किंवा काहीच नाही. तुम्ही चारच उचलता, ते कोणत्या न्यायाने?

पाचूबंदर

कृपाधीन, तडजोड तात्पुरती होती तर ती शंभर वर्षांत विसरली जायला हवी होती. तसं दिसत नाही. प्रकटीकरण २ मध्ये पर्गम आणि थुवतीरा इथल्या मंडळ्यांवर ठपका आहे तो मूर्तीला वाहिलेलं खाण्याचा आणि जारकर्माचा, म्हणजे याच चारांतले दोन. इ.स. १७७ मध्ये ल्यों इथे छळ झाला तेव्हा ख्रिस्ती मुलं खातात असा आरोप होता. बिब्लिस नावाच्या बाईने उत्तर दिलं: ज्यांना मुक्या प्राण्याचं रक्तसुद्धा चालत नाही ते मुलं कशी खातील? त्यानंतर वीसेक वर्षांनी आफ्रिकेतला ख्रिस्ती लेखक तर्तुल्यन लिहितो की ख्रिस्ती माणसाची पारख करायला त्याच्यापुढे रक्त भरलेले सॉसेज ठेवतात. हे गॉल (आजचा फ्रान्स) आणि आफ्रिकेतलं चित्र आहे, अंत्युखियाच्या पंगतीतलं नाही.

आणि पूर्वेकडच्या मंडळीने तर कायदाच केला. इ.स. ६९२ च्या त्रुल्लो परिषदेचा ६७ वा नियम: रक्ताचा पदार्थ खाणारा धर्मगुरू पदावरून जाईल, सामान्य माणूस मंडळीबाहेर जाईल.

मांडवीकाठ

पश्चिमेकडचं मी सांगतो, कारण सोरपोतेल पश्चिमेच्या परंपरेतून आलंय. इ.स. ४०० च्या सुमारास बिशप ऑगस्टिन लिहितो की मान मोडून मारलेला ससा खायला आता कुणी कचरत नाही, कचरला तर लोक हसतात. त्याचं कारण कृपाधीन देतात तेच: यहुदी आणि परराष्ट्रीय या दोन भिंती एका कोनशिलेवर आणायच्या होत्या, तेवढ्या काळापुरता तो नियम. १४४२ मध्ये फ्लॉरेन्सच्या परिषदेने कॉप्ट (इजिप्तच्या) मंडळीसाठी काढलेल्या फर्मानात हे अधिकृत झालं. कारण संपलं, नियम संपला. तेव्हा कॅथलिक घरातल्या सोरपोतेलाला १४४२ पासून परवाना आहे, पाचूबंदर, निर्धास्त जेवा.

पण त्याच फर्मानाची दुसरी बाजू बोचरी आहे. सुंता, शब्बाथ वगैरे पाळणाऱ्या ख्रिस्ती माणसाचं तारण होत नाही, असंही त्यात आहे. कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्विनासने पावणेदोनशे वर्षं आधी हेच म्हटलं होतं: येणाऱ्या ख्रिस्ताची खूण म्हणून जे विधी होते ते तो येऊन गेल्यावर पाळायचे म्हणजे तो आलाच नाही असं कृतीने सांगायचं. म्हणून ते पाप. यातून गोव्यात काय झालं ते माहीत असेलच. १५६० ते १८१२ इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) चाललं, मधली चार वर्षं सोडून. त्याचा सुरुवातीचा रोख यहुदी वंशाच्या 'नव्या ख्रिस्त्यां'वर होता. शनिवारसाठी स्वच्छ कपडे घालणं, डुक्कर टाळणं, मांसावरची चरबी काढून टाकणं, या संशयाच्या खुणा. मुंबई बेट भाडेपट्ट्याने ज्याच्याकडे होतं तो वैद्य गार्सिया द ऑर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याची बहीण कातारिना जाळली गेली आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. 'लागू आहे का' हा प्रश्न आपण निवांत चघळतोय, तिथे 'पाळलं का' एवढंच विचारत.

सातवा_वार

इतिहास मान्य. पण परिषदांनी काय ठरवलं यावरून देवाची आज्ञा ठरत नाही. मूळ लेखाला माझा आक्षेप त्यातल्याच तर्काने आहे. परक्यासाठी जे लिहिलंय ते लागू, असं पाचूबंदर म्हणतात ना? मग निर्गम २०:१० वाचा. शब्बाथाच्या आज्ञेत मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरंढोरं आणि 'तुझ्या वेशीच्या आत राहणारा परका' हे सगळे मोजलेत. लेवीय १६:२९ मध्ये प्रायश्चित्ताच्या दिवशीची विश्रांती परक्यालाही आहे. वल्हांडणात खमीर न खाण्याचा नियम निर्गम १२:१९ मध्ये परक्यालाही आहे. हे चारांत का नाहीत?

माझं उत्तर असं की सभेपुढे दहा आज्ञांचा प्रश्नच नव्हता. 'खून करू नको' तरी चारांत कुठे आहे? दहा आज्ञा पाट्यांवर देवाने लिहिल्या आणि त्या कराराच्या कोशाच्या, म्हणजे पवित्र पेटीच्या, आत ठेवल्या. मोशेने लिहिलेलं पुस्तक कोशाच्या बाजूला ठेवलं, अनुवाद ३१:२६. आतलं कायमचं, बाजूचं ख्रिस्तापर्यंतचं. शब्बाथ तर उत्पत्ती २ मध्येच आहे, तेव्हा यहुदी कुठे होते? शुद्ध-अशुद्ध प्राणीही नोहाच्या तारवात वेगळे मोजलेत, उत्पत्ती ७:२.

शनिवार पाळणारी आमची अॅडव्हेंटिस्ट मंडळी हेच करते. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी मावळेपर्यंत कामधंदा बंद, शुक्रवारीच स्वयंपाकाची तयारी. डुक्कर नाही, खवलं-पर नसलेलं काही नाही. म्हणजे कोळंबी, खेकडे, तिसऱ्या, माकुल, मोरी सगळं बाद. पुण्यात औंधला त्यांचं स्पायसर विद्यापीठ आहे, तिथे बघा हे कसं चालतं. सुंता मात्र नाही, सणही नाहीत.

शनवारतेली

सातवा_वार, परक्याचा मुद्दा झकास काढलात, पाचूबंदरांना त्याचं उत्तर द्यावं लागेल. पण आत-बाजूला ही विभागणी यहुदी परंपरेत नाही. लेवीय १९ घ्या. १८ व्या वचनात शेजाऱ्यावर प्रीती, १९ व्यात दोन प्रकारच्या धाग्यांचं कापड वर्ज्य. एकामागोमाग एक, मध्ये रेघ नाही. नैतिक, विधीविषयक आणि न्यायविषयक असे तीन कप्पे अक्विनासने मांडले आणि १६४६ च्या वेस्टमिन्स्टर कबुलीजबाबाने (इंग्लंडमधल्या श्रद्धापत्रकाने) प्रॉटेस्टंटांत रुजवले. सोयीचे आहेत, पण बाहेरून घातलेले आहेत.

यहुदी गणित असं: एकूण ६१३ आज्ञा, २४८ करण्याच्या, ३६५ न करण्याच्या. त्यातला मोठा भाग इ.स. ७० मध्ये मंदिर पडल्यावर यहुदीही पाळू शकत नाही. बाकी मानवजातीसाठी नोहाचे सात नियम: मूर्तिपूजा, ईश्वरनिंदा, खून, जारकर्म, चोरी, जिवंत प्राण्याचा अवयव खाणं या सहांना मनाई आणि सातवं न्यायालयं स्थापणं. शब्बाथ त्यात नाही. नाही म्हणजे इतका नाही की तलमूद या यहुदी धर्मग्रंथाच्या सान्हेद्रिन भागात (५८ब) यहुदी नसलेला शब्बाथ पाळेल तर तो देहदंडाला पात्र, असं एक मत नोंदलंय. निर्गम ३१:१६-१७ प्रमाणे ती इस्राएलशी केलेल्या कराराची खूण आहे. दुसऱ्याच्या करारावर सही करता येत नाही.

आणि पाळायचंच तर नीट पाळा. मिश्ना या जुन्या यहुदी नियमसंग्रहात शब्बाथाला वर्ज्य कामाचे ३९ प्रकार मोजलेत: पेरणं, मळणं, शिवणं, दोन अक्षरं लिहिणं, विस्तव पेटवणं, विझवणं. कोकणातले बेने इस्राएल यहुदी तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. मटणाच्या रश्श्यात ते नारळाचं दूध घालत, कारण मांस आणि दूध एकत्र चालत नाही. रक्ताचं म्हणाल तर नुसती मान कापून ते जात नाही. मांस अर्धा तास पाण्यात, मग सगळ्या बाजूंनी जाड मीठ लावून तासभर निथळत, मग तीनदा धुणं. काळजात रक्त फार, ते मिठाने सुटत नाही म्हणून विस्तवावर भाजावंच लागतं. पाचूबंदर, सोरपोतेलातून फक्त रक्ताची वाटी काढलीत तरी काळीज उरतंच!

कृपाधीन

सातवा_वार, मार्क ७:१९ आणि कलस्सै २:१६ यांचं काय करता? मार्क म्हणतो येशूने सगळं अन्न शुद्ध ठरवलं. कलस्सै म्हणतं: अन्न, पेय, सण, अमावास्या, शब्बाथ यांवरून कुणी तुमचा न्याय करू नये, त्या येणाऱ्याच्या छाया होत्या. आणि उत्पत्ती ७:२ दाखवता तर ९:३ ही दाखवा: हालचाल करणारा प्रत्येक जीव तुमचं अन्न.

सातवा_वार

लगेच पुढे ९:४ आहे: पण रक्तासकट मांस खाऊ नका. तेवढ्यापुरते पाचूबंदर आणि मी एका पंगतीत. कलस्सैत सण, अमावास्या, शब्बाथ हा क्रम यज्ञांच्या वार्षिक यादीतला आहे, साप्ताहिक शब्बाथ तिथे नाही असं आम्ही मानतो.

मांडवीकाठ

ते मानणं ओढूनताणून आहे. २ इतिहास ८:१३ मध्ये हेच तीन येतात आणि तिथला शब्बाथ साप्ताहिकच आहे. आणि 'रविवार कॉन्स्टंटाइनने आणला' हेही येण्याआधी सांगून टाकतो. ३२१ च्या फर्मानाने रविवारची सुट्टी आणली, तीही शहरातल्यांना. शेतकऱ्यांना काम करायला मोकळीक होती. रविवारी जमणं मात्र ख्रिस्ती लेखक जस्टिन इ.स. १५५ च्या सुमारास वर्णन करतो: वाचन, उपदेश, प्रार्थना, भाकर, गरिबांसाठी वर्गणी. जमणं जुनं, सुट्टी नवी. या दोन्हींची सरमिसळ दोन्ही पक्ष करतात.

तिसरी वाट हवी तर इथिओपियाकडे बघा. तिथली ऑर्थोडॉक्स मंडळी आठव्या दिवशी सुंता करते, डुक्कर खात नाही, आणि १४५० च्या देब्रे मित्माक सभेपासून शनिवार-रविवार दोन्ही पवित्र मानते. जेझुइट या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंनी यहुदीपणाचा आरोप केला तेव्हा सम्राट गलावदेवोसने १५५५ मध्ये लेखी उत्तर दिलं: सुंता आमची देशाची रीत आहे, तारणासाठी नाही, डुक्कर ज्याला खायचं त्याने खावं. पाळायचं, पण तारण त्यावर टांगायचं नाही. पौलानेही तीमथ्याची सुंता केली, कारण आई यहुदी, आणि तीताची होऊ दिली नाही, कारण तिथे ती अट म्हणून मागितली जात होती.

पाचूबंदर

परक्याच्या मुद्द्याला उत्तर. शब्बाथाच्या आज्ञेतला परका दास आणि गुरांबरोबर मोजलाय: घरधन्याने त्यालाही कामाला जुंपू नये, ही धन्यावरची आज्ञा आहे. लेवीय १७-१८ मध्ये मात्र परका स्वतः दोषी धरलाय: 'इस्राएलातला किंवा त्यांच्यात राहणारा परका जो कोणी रक्त खाईल.' खमिराच्या नियमातही तो दोषी आहे, हे मान्य. तिथे माझी जोडणी पातळ पडते. काळजाचं मात्र शनवारतेलींनी उगाच काढलं. याकोबाच्या पत्रात मिठाचा तास नाही, वाहतं रक्त नको एवढंच मी वाचतो.

पोटकलम

एवढी चर्चा झाली आणि दशमांश कुणालाच आठवला नाही? 'नियमशास्त्र संपलं' म्हणणारे उपदेशकच मलाखी ३:१० काढून पगाराचा दहावा हिस्सा मागतात. मूळ नियम पगारावर नाहीच. गणना १८ प्रमाणे शेतमालाचा दशमांश लेव्यांना (मंदिरसेवा करणाऱ्या वंशाला), त्यातला दहावा भाग लेव्यांनी याजकांना. अनुवाद १४ प्रमाणे दुसरा दशमांश शेतकऱ्यानेच यरुशलेमला नेऊन कुटुंबासकट खायचा, लांब पडलं तर विकून पैसे न्यायचे आणि तिथे मन मानेल ते घ्यायचं, मद्यसुद्धा. तिसऱ्या वर्षी तो लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना. सुताराच्या मजुरीवर काही नाही. कृपाधीन, तुमचं 'सगळं किंवा काहीच नाही' इथे लावता का?

कृपाधीन

लावतो. २ करिंथ ९:७: मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा दडपणाखाली नाही. आकडा नाही. मलाखीवरून टक्केवारी मागणारा उपदेशक गलतीवर प्रवचन करायला मोकळा नाही, हे मी मंडळीतही बोलतो.

सातवा_वार

आम्ही दशमांश देतो, आणि त्याचा आधार अब्राहामाने मलकीसदेक या याजक-राजाला दिलेला दहावा भाग, उत्पत्ती १४. मोशेच्या आधीचा.

शनवारतेली

तो लढाईच्या लुटीचा होता आणि एकदाच दिलेला. मोशेच्या चक्रात तर दर सातव्या वर्षी जमीन पडीक, म्हणून त्या वर्षी दशमांश शून्य. ही सूट कुठल्या मंडळीत चालते?