पद्मिनीचे मागचे पाटे ड्रॅग शर्यतीसाठी खाली घ्यायचे आहेत : सल्ला हवा (कोल्हापूर)

उद्यमनगरची_पद्मिनी
सर्वांना नमस्कार. वडिलांच्या काळातील प्रीमियर पद्मिनी मला धावपट्टीवरील पाव मैलाच्या, म्हणजे ४०२ मीटरच्या शर्यतीत उतरवायची आहे. इंजिन मूळ १०८९ सीसीचेच ठेवले असून फक्त हेड घासून घेतले आहे आणि कार्ब्युरेटर बदलला आहे. गाडीचा मागचा भाग पाट्यांवर, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर बसतो. तो मला दीड ते दोन इंच खाली हवा आहे. पुढच्या कॉइल स्प्रिंगना हात लावायचा नाही. पाटे आणि मागचा एक्सल यांच्यामध्ये ठोकळे घालावेत, एक पाटा काढावा की पाट्यांची कमान उतरवून घ्यावी, हे ठरत नाही. मजुरी धरून बजेट आठ हजार रुपये आहे. गाडी शर्यतीला स्वतःच्या चाकांवरच जाईल, हेही कृपया लक्षात घ्यावे.

पन्हाळा_रोड
आठ हजारांत असली कामे होत नसतात, हे आधी स्पष्ट सांगतो. पाटे पूर्ण काढून टाका, हाउसिंगला, म्हणजे मागच्या एक्सलच्या आवरणाला, चार आर्म लावा आणि उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (शॉक ॲब्झॉर्बरभोवती कॉइल स्प्रिंग असलेले) बसवा. मी माझ्या गाडीला हेच केले. खर्च सत्तर हजारांच्या पुढे गेला, पण आता स्पॅनर फिरवला की गाडी हवी तितकी खाली बसते, आणि प्रदर्शनात लोक आधी माझ्या गाडीखाली वाकून बघतात.

तावडे_हॉटेल_स्टॉप
एवढ्या खर्चाची काहीच गरज नाही. मधला एक पाटा काढा, पाटे हाउसिंगला बांधणारे यू-बोल्ट पुन्हा आवळा, अर्ध्या दिवसात काम होते. आमच्या जीपचा असाच एक पाटा काढला होता आणि गाडी आजही सुरळीत चालते, उलट पूर्वीपेक्षा मऊ झाली आहे.

शिरोलीचा_फौंड्रीवाला
मऊ झाली, हीच तर अडचण आहे. या गाडीत पाट्यांवर दोन कामे असतात. ते गाडीचे वजन पेलतात आणि हाउसिंगला जागेवर धरून ठेवतात. क्लच सोडताच हाउसिंग उलट दिशेने वळू पाहते, पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो, मग अचानक सुटतो, आणि चाक जमिनीवर टपाटप आपटू लागते. एक पाटा कमी केला की ही मुरड वाढते, शिवाय उरलेल्या पाट्यांवरचा ताणही वाढतो. जीप बाजारहाटाला नेणे वेगळे आणि चार हजार आरपीएमवर क्लच सोडणे वेगळे.

दुसरे, कोणीही काहीही सांगितले तरी पाट्यावर गॅस मारून तो वाकवू देऊ नका. पाट्याचे पोलाद आधी लालभडक तापवून तेलात विझवलेले असते आणि मग साधारण साडेचारशे ते पाचशे अंशांवर त्याला पुन्हा ऊब दिलेली असते. टॉर्चच्या ज्योतीत तेवढाच भाग त्याहून कितीतरी जास्त तापतो आणि त्या जागेची स्प्रिंग संपते. पाटा आज सरळ दिसेल, पण चार महिन्यांत तिथेच बसेल किंवा तुटेल. कमान उतरवायचीच असेल तर ती थंड स्थितीत, ऐरणीवर घणाने ठोकूनच उतरवावी.

तावडे_हॉटेल_स्टॉप
आमच्या जीपचा पाटा अजून तुटलेला नाही, एवढेच नम्रपणे सांगतो.

रंकाळा_संध्याकाळ
माझे मत ठोकळ्याच्या बाजूने आहे. मात्र ठोकळा विकत घेण्याआधी गाडीखाली वाकून हाउसिंग पाट्याच्या वर बसले आहे की खाली, हे पाहावे. हाउसिंग वर असेल तर दोहोंमध्ये घातलेला ठोकळा गाडी खाली आणतो. हाउसिंग खाली असेल तर तोच ठोकळा गाडी वर उचलतो. हे न पाहता दुकानातून जोडी घेऊन येणारे आणि मग दुकानदाराशी भांडणारे लोक मी पाहिले आहेत. ठोकळा भरीव पोलादाचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा, लाकडाचा तर मुळीच नको. त्याच्या भोकात पाट्यांना मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टचे डोके नीट बसले पाहिजे, नाहीतर हाउसिंग मागेपुढे सरकते. यू-बोल्ट लांब आणि नवे घ्यावेत आणि शंभर-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत. गाडी दोन इंच उतरली की रबर स्टॉपर आणि हाउसिंग यांतील अंतरही दोन इंचांनी कमी होते. तेव्हा मागच्या सीटवर माणसे बसवून किती जागा उरते, ते मोजावे. ब्रेकचा पाइप आणि हँडब्रेकची केबल कुठे घासत नाही ना, हेही त्याच वेळी बघून घ्यावे.

पन्हाळा_रोड
कॉइलओव्हर घेतले असते तर यांतले काहीच बघावे लागले नसते.

गणिताचे_सर
मुळात मागचा भाग खाली घेतल्याने वेळ सुधारेल, हे कोणी तपासले का? मागच्या चाकांवर चालणारी गाडी सुटताना वजन मागे सरकते आणि त्यामुळे टायरची पकड वाढते. किती वजन सरकेल, हे गुरुत्वमध्याच्या उंचीवर आणि व्हीलबेसवर अवलंबून असते. समजा, चालकासह गाडी ९०० किलो, व्हीलबेस २३४० मिलिमीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५०० मिलिमीटर वर आणि सुटतानाचा वेग गुरुत्वाकर्षणाच्या ०.४ पट दराने वाढतो. अशा वेळी सुमारे ७७ किलो वजन मागे सरकते. फक्त मागची बाजू ५० मिलिमीटर उतरवली तर गुरुत्वमध्य अंदाजे २५ मिलिमीटर खाली येईल आणि हा आकडा चार किलोंनी घटेल. म्हणजे आपण पैसे देऊन पकड कमी करत आहात. तीही इतकी थोडी, की घड्याळात ती दिसणार नाही. अमेरिकेत १९६०च्या दशकात क्रायस्लरने ड्रॅगसाठी जे खास पाटे बनवले, त्यांनी गाडीचा मागचा भाग वर राहत असे आणि त्यांची पुढची अर्धी बाजू मुद्दाम कडक ठेवलेली असे. खरा फायदा तिथे आहे. एक्सलच्या पुढच्या भागातले पाटे पट्ट्यांनी घट्ट बांधावेत आणि मागचा भाग मोकळा ठेवावा. इंजिनाची ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या पिळामुळे सुटताना मागचे उजवे चाक हलके होते, म्हणून उजवीकडची पट्टी विशेष काळजीने बांधावी.

कायदा_आणि_गाडी
या चर्चेत कोणीच आरटीओचे नाव काढले नाही, याचे नवल वाटते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे. गाडी महामार्गावरून स्वतःच्या चाकांवर जाणार असेल, तर हा विचार आधी करावा.

रंकाळा_संध्याकाळ
एमएच-०९ पासिंगच्या किती गाड्या कर्कश सायलेन्सर लावून राजारामपुरीतून फिरतात, ते आधी मोजा. मग ठोकळ्याकडे वळू.

कायदा_आणि_गाडी
दुसऱ्याने नियम मोडला म्हणून आपला बदल वैध ठरत नाही, एवढेच म्हणणे आहे.

बावड्याचा_मिस्त्री
गॅस मारू नका, हे वर लिहिलेच आहे, मीही तेच सांगतो. ठोकळा चांगला, हेही वर आले आहे. एक गोष्ट मात्र राहिली. उंची बदलली की डिफरेन्शियलच्या पिनियनचा (शाफ्ट जिथे जोडतो त्या दातेरी चाकाचा) कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, वाकड्यात फिरू लागतो. पाट्याच्या गाडीत ताकद लागताच पिनियनचे नाक वर उठते, म्हणून ते उभ्या गाडीत शाफ्टच्या रेषेपेक्षा काही अंश खाली असावे लागते. कमी-जास्त असल्यास पाटा आणि हाउसिंग यांच्यामध्ये उतरती पाचर घालून ते जमवता येते. एका ग्राहकाने हे ऐकले नाही आणि क्रॉस हातात घेऊन आला.

उद्यमनगरची_पद्मिनी
सर्वांचे आभार. सरांचे गणित मी कागदावर पुन्हा करून पाहिले, ते बरोबर आहे. तरीही गाडी मला खालीच हवी आहे, कारण मागून उंच दिसणारी पद्मिनी मला आवडत नाही. मात्र दोन इंचांचा हट्ट सोडून एका इंचावर आलो आहे. ठोकळा घालणार नाही आणि मूळ पाट्यांनाही हात लावणार नाही. भंगारातून पाट्यांची दुसरी जोडी बाविसशे रुपयांत मिळाली. ट्रकचे पाटे बसवणाऱ्या एका वयस्कर कारागिरांनी ती थंडच ठोकून दिली. त्यांनी आधी मूळ मुख्य पाटा फरशीवर आडवा ठेवून खडूने त्याची कमान आखली, त्या रेघेच्या आत एक इंचावर दुसरी रेघ ओढली, आणि नवीन पाटा दर चार-पाच घावांनंतर त्या रेघेवर ठेवून पाहिला. खालचे आखूड पाटे त्यांनी मुख्य पाट्यापेक्षा किंचित जास्त वाकलेले ठेवले, म्हणजे सेंटर बोल्ट आवळल्यावर सगळे एकमेकांना दाबून बसतील. पुढच्या बाजूच्या पट्ट्या सरांनी सांगितल्याप्रमाणे बांधणार आहे. आरटीओचा विषय असल्याने गाडी टेम्पोवर चढवून नेण्याचा भाव विचारला, तर तोच बजेटच्या बाहेर जातो आहे.

बावड्याचा_मिस्त्री
कमान उतरली की पाट्याची दोन टोके एकमेकांपासून लांब जातात आणि शॅकल (पाट्याचे मागचे टोक गाडीला जोडणारा झुलता दुवा) मागे झुकतो. बसवल्यावर गाडी जमिनीवर उभी करून शॅकलचा कोन बघा आणि इथे लिहा. बुशाचे बोल्टही गाडी चाकांवर असतानाच शेवटचे आवळा, जॅकवर नको.

पन्हाळा_रोड
बाविसशे अधिक मजुरी अधिक टेम्पो. कॉइलओव्हरचा विचार एकदा पुन्हा करावा.